गॉडझिला समुद्रापार जाताना

१ मार्च १९५४ रोजी अमेरिकेने बिकिनी बेटांवर हायड्रोजन बॉम्बची चाचणी केली. जाहीर केलेल्या धोक्याच्या हद्दीबाहेर मासेमारी करणाऱ्या ‘दाइगो फुकुर्यु मारू’ या जपानी बोटीवर किरणोत्सारी पांढरी राख पडली. बोटीवर २३ जण होते. त्यांतले रेडिओ ऑपरेटर आइकिची कुबोयामा सप्टेंबरात वारले आणि ३ नोव्हेंबरला तोहो कंपनीचा ‘गोजिरा’ जपानभर प्रदर्शित झाला. चित्रपट सुरू होतो तो डेकवर गिटार वाजवत विसावलेल्या खलाशांपासून. अचानक समुद्रातून डोळे दिपवणारा उजेड येतो आणि बोट पेटते. जपानी प्रेक्षकाला याचा खुलासा करून सांगायची गरज नव्हती.

चित्रपटाचे दिग्दर्शक इशिरो होंडा युद्धात चीनमध्ये सैनिक होते. परतीच्या वाटेवर त्यांनी बेचिराख हिरोशिमा पाहिलं होतं. त्यांचा राक्षस गोजिरा चपळ नाही, तो सावकाश चालत शहर मोडतो. या चालीमागे अडचणही होती. बाहुली इंचाइंचाने हलवून चित्रित करायला वेळ नव्हता, म्हणून विशेष दृश्यांचे दिग्दर्शक एइजी त्सुबुराया यांनी माणसालाच राक्षसाच्या पोशाखात उभं केलं. सुमारे शंभर किलोचा पोशाख अंगावर घेऊन, स्टुडिओच्या दिव्यांखाली घामाघूम होत हारुओ नाकाजिमा छोट्या इमारती तुडवत होते. कॅमेरा जास्त वेगाने फिरवल्यामुळे पडद्यावर तेच पाऊल जड आणि संथ पडतं. संगीतकार अकिरा इफुकुबे यांनी डरकाळीसाठी डबल बासची तार सैल करून घेतली आणि राळ लावलेल्या चामडी हातमोज्याने ती घासली. इतक्या साध्या साधनांतून एवढा शोक उभा राहिला, याचं मला अजूनही अप्रूप वाटतं.

हा चित्रपट १९५६ साली अमेरिकेत ‘गॉडझिला’ म्हणून नव्या रूपात आला. ९६ मिनिटांची ८० मिनिटं झाली. टेरी मोर्स यांनी रेमंड बर या अभिनेत्याला अमेरिकी वार्ताहर करून त्याचे प्रसंग वेगळे चित्रित केले आणि ते मूळ चित्रपटात जोडले. मूळ चित्रपटात लोकलमधली एक तरुणी किरणोत्सारी मासे आणि आता हा राक्षस, असं वैतागून बोलते. नागासाकीतून आपण कसाबसा जीव वाचवला, हेही सांगते. हा प्रसंग गेला. संकटाची बातमी लोकांपासून लपवावी की नाही, यावरून झालेली खडाजंगी गेली. अणुचाचण्या चालू राहिल्या तर असा आणखी एखादा येईल, हे चित्रपटातले शास्त्रज्ञ डॉ. यामाने यांचं शेवटचं बोलणं गेलं. त्याजागी जग आता पुन्हा जगू शकेल, असा दिलासा आला.

सगळंच पुसलं गेलं, असं मात्र म्हणता येणार नाही. जखमींनी भरलेलं इस्पितळ आणि मुलींची सामुदायिक प्रार्थना राहिली, बॉम्बचा उल्लेखही राहिला. शिवाय मूळ चित्रपटानेही चाचणी करणाऱ्या देशाचं नाव घेतलेलं नाही. ते नाव प्रेक्षकाच्या मनात होतंच. पण असं न बोललेलं नाव घरच्या माणसांपुरतंच पुरतं. समुद्र ओलांडला की ते सांगायला चित्रपटातलंच कुणीतरी लागतं, आणि लोकलमधली ती तरुणी नेमकी तेच काम करत होती. तिला काढून तिच्याजागी बाहेरून आलेला पाहुणा बसवला, तेव्हा होरपळलेल्याची तक्रार संपली आणि दुरून पाहिलेल्या आपत्तीचा वृत्तान्त सुरू झाला.

ही काटछाट बाजाराची गरज होती, हे समर्थन मला पटत नाही. ‘राशोमोन’ हा जपानी चित्रपट १९५६च्या काही वर्षं आधीच इंग्रजी उपशीर्षकांसह अमेरिकेत दाखवला गेला होता. त्यात लाकूडतोड्या झालेले ताकाशी शिमुराच इथे डॉ. यामाने आहेत. ‘राशोमोन’ला कलाकृतीचा मान मिळाला, राक्षसाच्या चित्रपटाकडे मात्र हवा तसा कापून विकायचा माल म्हणूनच पाहिलं गेलं. जपानी वस्तीतली मोजकी चित्रपटगृहं सोडली, तर होंडांचा मूळ चित्रपट अमेरिकेत रीतसर प्रदर्शित व्हायला २००४ साल उजाडावं लागलं. होंडा १९९३ सालीच वारले होते.