खेळासाठी राखीव

नवी मुंबईत घणसोलीला २० एकरांची जागा शासकीय क्रीडा संकुलासाठी ठेवायचं ठरलं ते २००३ मध्ये. संकुल उभं राहिलं नाही. २०१६ मध्ये त्या जमिनीवर घरं आणि दुकानं बांधण्यासाठी सिडकोनं खासगी विकासकाला वाट करून दिली, आणि २०२१ मध्ये राज्य सरकारनं संकुल रायगड जिल्ह्यातल्या माणगाव तालुक्यात, नाणोरे इथं हलवायचं ठरवलं. अंतर सुमारे ११५ किलोमीटर. वास्तुविशारदांच्या संस्थेची नवी मुंबई शाखा त्याविरुद्ध न्यायालयात गेली आणि जुलै २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं हे निर्णय रद्द केले.

कागदावर पाहिलं तर एकही संकुल कमी होत नव्हतं. सरकारच्या यादीत ते होतंच, फक्त पत्ता बदलला होता. पण घणसोलीतली सातवीतली मुलगी शाळा सुटल्यावर माणगावला सरावाला जाऊ शकत नाही. मैदान आठवड्यातून पाच दिवस, संध्याकाळचे दोन तास, चालत जाता येईल इतकं जवळ असेल तरच ते त्या मुलीचं असतं.

सार्वजनिक जमिनीवर खेळ आणि व्यापार एकत्र आणण्याच्या योजना हल्ली सगळीकडे मांडल्या जातात. त्यांमागचा युक्तिवाद खोटा नाही. हिरवळीला पाणी लागतं, दिव्यांचं बिल येतं, प्रशिक्षकाला पगार द्यावा लागतो, आणि नगरपालिकेच्या तिजोरीत या सगळ्यासाठी पैसे उरत नाहीत. म्हणून तर जिल्ह्याजिल्ह्यांत स्टेडियमच्या प्रेक्षागाराखाली गाळे काढले गेले आणि त्यांच्या भाड्यावर मैदान चालेल असं ठरलं. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी गाळे जोरात चालतात आणि आत धावपट्टीवर गवत वाढतं. भाडं कुठं जमा होतं आणि त्यातलं किती मैदानावर खर्च होतं, हे तिथं रोज धावायला येणाऱ्या मुलांना कुणी सांगत नाही.

मैदान कुणाचं, हा झगडा मुंबईला नवा नाही. १८८१ मध्ये पारशी आणि हिंदू क्रिकेटपटूंनी सरकारदरबारी अर्ज केला होता. फोर्टसमोरच्या एस्प्लनेडवर बॉम्बे जिमखान्याचे गोरे सभासद पोलो खेळत, आणि घोड्यांच्या टापांनी उखडलेल्या जमिनीवर बाकीच्यांना क्रिकेट खेळावं लागे. जिमखान्याकडे स्वतःचं राखलेलं मैदान होतं. पोलो मात्र सर्वांच्या मैदानावर. शापूरजी सोराबजी यांनी हा सारा लढा १८९७ च्या आपल्या पुस्तकात नोंदवून ठेवला आहे. पुढं केनेडी सी-फेसच्या भरावावर पारशी, इस्लाम आणि हिंदू जिमखान्यांना जागा मिळाल्या. खेळासाठी दिलेल्या या सरकारी जमिनींवर आज लग्नसराईत मांडव उभे राहतात. मालक बदलला नाही, कारण बदललं.

वानखेडे स्टेडियमचा जन्मही तिकिटांच्या भांडणातूनच झाला. ब्रेबॉर्न स्टेडियम क्रिकेट क्लब ऑफ इंडियाचं. कसोटीची तिकिटं किती द्यायची यावरून क्लब आणि मुंबई क्रिकेट असोसिएशन यांच्यात बिनसलं. असोसिएशनचे अध्यक्ष शेषराव वानखेडे तेव्हा विधानसभेचेही अध्यक्ष होते. चालत दहा-पंधरा मिनिटांवर, सरकारी जमिनीवर, दुसरं स्टेडियम विलक्षण वेगानं उभं राहिलं आणि जानेवारी १९७५ मध्ये तिथं वेस्ट इंडीजविरुद्ध पहिला कसोटी सामना झालाही. या मैदानानं मराठी माणसाला दिलेला आनंद मोठा आहे. २०११ चा विश्वचषक कुणी विसरणार नाही. पण जमीन सरकारची, भाडेपट्टा ५० वर्षांचा होता, आणि सामन्यांच्या बंदोबस्ताचं पोलीस शुल्क राज्यानं २०२३ मध्ये मागच्या तारखेपासून कमी केलं. त्यावर जनहित याचिका झाली आणि ही सवलत का, असं उच्च न्यायालयानंही विचारलं. देशातल्या सर्वांत श्रीमंत खेळाला दिलेली अशी सूट अर्थसंकल्पात अनुदान म्हणून दिसत नाही. ती दिसत नाही म्हणूनच तिच्यावर चर्चाही होत नाही.

याच्या उलट उदाहरण दादरला आहे. शिवाजी पार्क १९२५ मध्ये खुलं झालं, सुमारे २८ एकरांचं. भोवती बसता येईल एवढा बुटका कट्टा, तिकीटखिडकी नाही. सकाळी सहाला एका टोकाला समर्थ व्यायाम मंदिरात मुली पुरलेल्या मल्लखांबावर उलट्या लटकलेल्या असतात, मध्ये आठ-दहा नेट लागलेली असतात, एका नेटमधला चेंडू दुसऱ्यात जातो आणि कुणीही तो उचलून परत फेकतो. कट्ट्यावर आजोबा बसलेले. इथं क्लब आहेत, जिमखाना आहे, सभाही होतात. पण मैदानाचा मोठा भाग कुठल्याही दिवशी कुणालाही आत येऊ देतो. या जमिनीची आजची किंमत मोजायला बसलं तर डोळे फिरतील. तरीही ती विकाऊ नाही हे दादरकरांनी शंभर वर्षं गृहीत धरलं, आणि राज्यकर्त्यांनाही ते मान्य करावं लागलं.

न्यायालयांनी हे तत्त्व वारंवार सांगितलं आहे. बंगळुरूत बागेसाठी राखलेली जागा खासगी रुग्णालयाला द्यायचा निर्णय सर्वोच्च न्यायालयानं १९९१ मध्ये मोडून काढला. रुग्णालय उपयोगी नसतं असं कुणी म्हटलं नव्हतं. लखनौच्या अमिनाबादेत महापालिकेनं झंडेवाला पार्कखाली भुयारी बाजार बांधायला एका बिल्डरला मोकळीक दिली होती. खाली दुकानं असली तरी वर बाग राहणारच, असं सांगण्यात आलं. १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते बांधकाम पाडून बाग पूर्ववत करायला लावली. सरकार अशा जमिनीचं विश्वस्त असतं, मालकासारखा व्यवहार त्याला करता येत नाही, हा त्यामागचा विचार.

तो विचार आज महालक्ष्मीला लागू पडतो. रेसकोर्सच्या २११ एकरांचा भाडेपट्टा २०१३ मध्येच संपला. २०२४ मध्ये ठरलं की ९१ एकर टर्फ क्लबकडे राहतील आणि १२० एकरांवर सार्वजनिक उद्यान होईल. किनारी रस्त्यालगतची मोकळी जागा त्याला जोडली जाईल. लोकांसाठी बंद असलेलं कुंपण उघडणार असेल तर त्याचं स्वागतच करायला हवं. पण त्याच बेतात उद्यानाखाली भुयारी क्रीडा संकुलाची कल्पनाही आली आहे. भुयाराच्या छतावर माती टाकून लॉन होतं. वड-पिंपळ वाढत नाहीत, त्यांच्या मुळांना खोल जमीन लागते. आणि खालच्या बॅडमिंटन कोर्टाचं तासाचं भाडं काय असेल, ते कोण ठरवेल, वरळीच्या चाळीतल्या मुलाला ते परवडेल का, हे बांधकामाची निविदा निघण्याआधी ठरायला हवं.

खरा प्रश्न व्यापार असावा की नसावा हा नाहीच. करारात काय लिहिलंय हा आहे. महापालिकेच्या शाळांसाठी आठवड्याचे किती तास मोफत, हे आकड्यात लिहिलेलं हवं. गाळ्यांचं आणि सभागृहाचं उत्पन्न वेगळ्या खात्यात जमा व्हावं आणि त्याचा वार्षिक हिशेब संकुलाच्या प्रवेशद्वारावर मराठीत लावावा. भाडं दर काही वर्षांनी नव्यानं ठरावं. मुदत संपली की नूतनीकरण आपोआप होऊ नये, जनसुनावणी व्हावी. आणि एखादं संकुल हलवायचंच असेल तर नवी जागा त्याच वस्तीच्या आवाक्यात असावी.

विकास आराखड्यातलं आरक्षण बदलायचं तर महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियमाच्या कलम ३७ खाली आधी नोटीस काढावी लागते आणि हरकती-सूचनांसाठी एक महिना द्यावा लागतो. ती नोटीस वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर बारीक टाइपात येते, आणि ज्यांचं मैदान जाणार असतं त्यांच्यापर्यंत पोचतच नाही. प्रत्येक प्रभागात क्रीडा शिक्षक आहेत, व्यायामशाळा आहेत, गणेशोत्सव मंडळं आहेत. कुठल्या मैदानावर, कोणत्या वेळी, किती मुलं खेळतात याची साधी नोंद त्यांनी वर्षभर ठेवली, तर महिन्याच्या मुदतीत हरकत घेताना हातात पुरावा असेल. ‘जागा वापरात नाही’ हे वाक्य मग सुनावणीच्या टेबलावर सहजासहजी टिकणार नाही.