ओल्या बाभळीची मूठ

सज्जनहो, सावतोबांना अरणच्या मळ्यातच पांडुरंग भेटला, तेव्हा खुरप्याविषयी दोन शब्द बोलण्यास आम्हांस संकोच नाही. आमच्या आजोबांचे खुरपे माळ्यावर सापडले. पाते गंजलेले, मूठ किडीने पोखरलेली. गंज विटेच्या भुकटीने व तेलाने चोळून काढला. कानशीने लोखंडच झिजते, म्हणून ती धारेपुरतीच फिरविली. मुठीला मात्र घाई केली. बाभळीची ओली फांदी तोडली नि पात्याचे शेपूट तापवून तीत ठोकले. काय घट्ट बसले म्हणता! महिन्याभरात लाकूड सुकले, तडकले. निंदताना पाते मातीत, मूठ हातात. सुतार हसला. म्हणाला, “बुवा, फांदी सालभर सावलीत वाळू द्यायची असते.”

सालभर! ऐकताच आम्हांला एक पोरगा आठवला. कीर्तनात गहिवरला, “आत्ताच माळ घाला” म्हणाला. शास्त्रकार अधिकार पाहावा म्हणतात. आम्ही पाहिला तो गहिवर. एक वारी चालून बघ, एवढेदेखील सांगितले नाही. पुढल्या आषाढीला माळ आमच्या ओट्यावर ठेवून तो गेला. गाव त्यालाच हसते. पण ओली फांदी ठोकली कोणी?

नवी फांदी पडवीत वाळते आहे. कार्तिकीआधी त्या पोराच्या घरी जाऊन येऊ. माळ नेणार नाही, नुसते बसून येऊ.