विजय हा देवाचा कौल असतो का?

सातिवलीच्या शाळेतल्या मुलांना युद्धाचा इतिहास शिकवायचा तर उदाहरण लांबून आणावे लागत नाही. कारखान्यांच्या गाळ्यांनी वेढलेल्या या गावापासून वसईचा किल्ला काही किलोमीटरांवर आहे. 1739 च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांच्या फौजेने तो पोर्तुगिजांकडून घेतला, हे इथल्या कुठल्याही मुलाला पाठ असते. सुरुंग, खंदक, पडलेला बुरूज आणि फडकलेले निशाण इथपर्यंत गोष्ट रंगते आणि धडा संपतो. त्या किल्ल्याभोवतीच्या गावांमधली माणसे दुसऱ्या दिवशी कशी जगू लागली, हा प्रश्न वर्गात येतच नाही. तो न येण्यामागे वेळेची अडचण आहे, तशीच एक धार्मिक समजूतही आहे. विजय म्हणजे देवाने दिलेला कौल, आणि कौल मिळाल्यावर विचारायचे काही उरत नाही, अशी ती समजूत आहे. माझ्या मते ही समजूत धर्मदृष्ट्याच चुकीची आहे. युद्धात कोणाची बाजू खरी होती, हे निकालाने ठरत नाही. जिंकणाऱ्याने त्यानंतर काय केले, हेही तपासावे लागते, आणि मुलांना इतिहास शिकवायचा तर तो तिथपर्यंत नेला पाहिजे.

कौलाचा युक्तिवाद वसईच्याच मातीत टिकत नाही. 1739 चा विजय हा दैवी निवाडा मानायचा, तर 1780 मध्ये इंग्रजांच्या जनरल गॉडर्डने हाच किल्ला जिंकला, तो निवाडा कोणाचा? सालबाईच्या तहाने 1782 मध्ये तो मराठ्यांकडे परत आला आणि 31 डिसेंबर 1802 रोजी दुसऱ्या बाजीरावाने याच वसईत इंग्रजांशी तह करून स्वतंत्र राज्यकारभाराची किल्ली त्यांच्या हाती दिली. चिमाजी अप्पांच्या विजयानंतर अवघ्या त्रेसष्ट वर्षांतली ही घटना. देव दर पिढीला मत बदलतो असे कोणी श्रद्धाळू माणूस म्हणणार नाही. तेव्हा एकच मार्ग उरतो: जय आणि पराजय हे बळाचे, शिस्तीचे, दारूगोळ्याचे आणि काही अंशी योगायोगाचे हिशेब आहेत, आणि धर्माचा हिशेब वेगळ्या वहीत मांडावा लागतो.

आपल्या परंपरेने ही वेगळी वही फार पूर्वीच उघडली आहे. महाभारताच्या अठरा पर्वांपैकी शेवटची आठ पर्वे युद्ध संपल्यावरची आहेत. त्यांतले शांतिपर्व सगळ्या ग्रंथात मोठे. जिंकलेला युधिष्ठिर सिंहासनावर बसायला तयार नाही. मेलेल्यांचे ओझे त्याला सोसवत नाही. राजधर्म त्याला शिकवावा लागतो तो शरशय्येवर पडलेल्या, हरलेल्या बाजूच्या सेनापतीकडून. विजय हेच प्रमाणपत्र असते तर व्यासांना इतके लिहिण्याची गरज नव्हती. गीतेतही अर्जुनाला जय आणि पराजय सारखे मानून लढायला सांगितले आहे. जय हीच ईश्वरी मान्यता असती, तर त्याला पराजयाच्या रांगेत बसवण्यात काहीच अर्थ नव्हता. आणि वसई तालुक्यातच, सोपाऱ्याला, अशोकाच्या शिलालेखाचे तुकडे सापडले. त्यांपैकी आठव्या लेखात आधीचे राजे शिकारीच्या यात्रा करत आणि आपण धर्मयात्रा सुरू केली, असे तो सांगतो. राज्याभिषेकाला आठ वर्षे झाल्यावर कलिंगचे युद्ध झाले. दहा वर्षे झाल्यावर तो संबोधीला, म्हणजे बोधगयेला गेला. युद्धानंतर राजाने आपले वागणे कसे बदलले, याचा लेखी पुरावा या मुलांच्या तालुक्यात दगडावर कोरलेला होता. तो आपण पुरातत्त्वाच्या प्रकरणात घालून ठेवला आहे.

आता अमेरिकेकडे पाहू, कारण युद्धानंतरचा बदल अर्ध्यावर सोडला तर काय होते, हे तिथे फार स्पष्ट दिसते. 1861 ते 1865 च्या यादवी युद्धात सहा लाखांहून अधिक माणसे मेली आणि सुमारे चाळीस लाख गुलाम मुक्त झाले. दोन्ही बाजू ख्रिस्ती होत्या. गुलामगिरीच्याच वादावरून मेथडिस्ट आणि बॅप्टिस्ट पंथ युद्धाच्या पंधरा-वीस वर्षे आधीच उत्तर-दक्षिण फुटले होते. प्रत्येक बाजूचे धर्मगुरू देव आपल्याकडे असल्याचे सांगत होते. अशा वेळी, विजय दिसू लागला असताना, 4 मार्च 1865 रोजी लिंकनने दुसऱ्या कार्यकाळाची शपथ घेताना म्हटले, की दोन्ही बाजू एकच बायबल वाचतात, एकाच देवाची प्रार्थना करतात आणि दोघांचीही प्रार्थना पुरती ऐकली गेलेली नाही. गुलामगिरी हा अपराध आहे याबद्दल त्याच्या मनात शंका नव्हती. पण तो अपराध साऱ्या देशाचा आहे, आणि युद्ध ही त्या अपराधाची किंमत असू शकते, असे तो म्हणाला. विजयी सेनेच्या प्रमुखाने देवाला आपल्या पक्षात ओढायला नकार द्यावा, ही धर्मविचारातली फार मोठी घटना आहे.

पुढची बारा वर्षे लिंकनचे म्हणणे खरे करून दाखवणारी होती. संविधानाच्या तेराव्या, चौदाव्या आणि पंधराव्या दुरुस्त्यांनी 1865 ते 1870 दरम्यान गुलामगिरी संपली, नागरिकत्व मिळाले, मतदानात वर्णाची अट घालण्यास बंदी झाली. काळे प्रतिनिधी संसदेत बसले. आणि 1877 मध्ये दक्षिणेतल्या राज्यकारभाराच्या पाठीशी उभ्या असलेल्या केंद्राच्या सैनिकांना मागे घेतले गेले. हळूहळू मतदानाचा हक्क कागदावर राहिला आणि 1896 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ‘वेगळे पण समान’ या नावाखाली भेदभावाला मान्यता दिली. दुसऱ्या महायुद्धात लढलेले काळे सैनिक घरी परतले तेव्हाही त्यांना वेगळ्या डब्यात बसावे लागे. 1944 च्या कायद्याने माजी सैनिकांना शिक्षण आणि घरकर्जाच्या सवलती दिल्या, पण त्या वाटणारे हात स्थानिक होते आणि दक्षिणेत ते हात गोऱ्यांचे होते. सैन्यातला भेद मोडण्याचा आदेश 1948 मध्ये निघाला, शाळांतला भेद बेकायदा ठरायला 1954 उजाडले, मताचा हक्क खऱ्या अर्थाने मिळायला 1965. पहिल्या विजयानंतर बरोबर शंभर वर्षे. 1865 हा देवाचा कौल म्हणून शिकवला, तर या शंभर वर्षांना वर्गात जागाच उरत नाही.

जिंकल्यावरच जबाबदारी सुरू होते, ही गोष्ट मराठी माणसाने फार लवकर ओळखली होती. जोतीराव फुल्यांनी 1873 मध्ये ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केली आणि गुलामांना दास्यातून मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सज्जनांना ती अर्पण केली. त्याच वर्षी, ईस्टरच्या दिवशी, लुइझियानातल्या कोलफॅक्स गावात काळ्या नागरिकांची कत्तल झाली होती. म्हणजे फुले ज्या विजयाचे कौतुक करत होते, तो त्याच क्षणी उधळला जात होता. मग फुले भोळे ठरतात का? मला तसे वाटत नाही. त्यांनी अमेरिकेच्या विजयाची आरती केली नाही. आपल्या देशबांधवांनी शूद्रांच्या सुटकेसाठी हा कित्ता गिरवावा, अशी मागणी त्या अर्पणात आहे. आणि नुसती मागणी करून ते थांबले नाहीत, 24 सप्टेंबर 1873 रोजी पुण्यात सत्यशोधक समाज उभा राहिला. परक्या देशातल्या युद्धाचा अर्थ त्यांनी स्वतःवरच्या जबाबदारीत उतरवला. पुढे कोलंबिया विद्यापीठात शिकलेले डॉ. आंबेडकर अमेरिकेतल्या अपुऱ्या मुक्तीचा अभ्यास करत राहिले, 1946 मध्ये काळे विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांना त्यांनी पत्र लिहिले, आणि 25 नोव्हेंबर 1949 रोजी संविधान सभेत राजकीय समता आणि सामाजिक विषमता यांतल्या विसंगतीचा इशारा दिला. जिंकल्याच्या दिवशी हिशेब मिटत नाही, हे त्यांना अमेरिकेच्या पुराव्याने माहीत होते.

आता वसईकडे परत येऊ आणि तोच प्रश्न घरच्या विजयाला विचारू. इथे एक आक्षेप लगेच येईल, की पोर्तुगिजांनी देवळे पाडली, बळजबरीने धर्म बदलवले, इन्क्विझिशनची दहशत घातली. त्या अन्यायाविरुद्धच्या लढ्याची चिकित्सा म्हणजे कृतघ्नपणा. अन्याय खरा होता, आणि त्याविरुद्ध लढणे योग्य होते. मला त्यात काही कमी करायचे नाही. पण लढा न्याय्य असणे आणि विजय झाला म्हणून तो न्याय्य ठरणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चिमाजी अप्पा हरले असते तरी पोर्तुगिजांचा अन्याय अन्यायच राहिला असता. देवाच्या कौलावर भार टाकणाऱ्याला हे म्हणता येणार नाही, मला येते. म्हणून हुतात्म्यांचा मान माझ्या बाजूने अधिक सुरक्षित आहे.

1739 च्या तहात मराठ्यांनी किल्ल्यातल्या शिबंदीला शस्त्रांसह आणि कुटुंबकबिल्यासह बाहेर पडू दिले आणि मागे राहणाऱ्या ख्रिस्ती रयतेला आपला धर्म पाळण्याची मुभा दिली. तीन महिने माणसे गमावलेल्या फौजेने ही कलमे मान्य केली, हे मला किल्ला घेण्याइतकेच मोठे वाटते. पण गोष्ट इथेही थांबत नाही. पोर्तुगीज चर्चच्या घंटा विजयचिन्हे म्हणून नेल्या गेल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळात आणि वाईजवळच्या मेणवलीत त्या आजही टांगलेल्या आहेत. 1882 च्या ठाणे जिल्हा गॅझेटियरमध्ये नोंद आहे, की मराठी अमलात ब्राह्मणभोजनासाठी आणि ख्रिस्त्यांच्या शुद्धीच्या खर्चासाठी इथे कर बसवला होता. म्हणजे एका हाताने दिलेली मुभा दुसऱ्या हाताने महाग केली. अप्पा स्वतः 1740 च्या डिसेंबरात वारले. युद्धानंतरचा कारभार त्यांना फार काळ पाहता आला नाही, त्याचे श्रेय किंवा दोष त्यांच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. आणि या सगळ्यातून वसईतला ख्रिस्ती समाज टिकला. कुपारी, वाडवळ, कोळी घरांत मराठीच्याच बोली बोलत राहिला. त्या समाजातले फादर फ्रान्सिस दिब्रिटो 2020 मध्ये उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. 1739 च्या तहातले धर्माचे कलम किती जगले, याचा हाही एक पुरावा आहे.

दुसरा आक्षेप शिक्षकांचा असेल आणि तो अधिक गंभीर आहे. बारा-तेरा वर्षांच्या मुलांना इतकी गुंतागुंत कशी पेलेल? त्यात सातिवलीच्या वर्गांत अनेक मुले परप्रांतांतून कामाला आलेल्यांची. त्यांना चिमाजी अप्पाही नवे आणि लिंकनही नवा. मला वाटते, नेमके म्हणूनच ती अधिक चांगली समजू शकतील. परक्या देशाच्या गोष्टीत कोणाचे नाक कापले जाण्याची भीती नसते, म्हणून ‘जिंकल्यावर काय केले?’ हा प्रश्न आधी अमेरिकेबद्दल विचारावा आणि त्याची सवय झाली की वसईबद्दल. न्याय अर्धवट राहिला की काय वाटते, हे मुलांना मैदानातल्या खेळावरूनही कळते. आणि ज्यांना जात, भाषा किंवा धर्म यांवरून ओळखले जाण्याचा अनुभव घरीच आहे, त्यांना युद्धानंतरची शंभर वर्षे समजावून सांगण्याची फारशी गरज पडणार नाही.

वसईच्या किल्ल्याला सहली जातात, चिमाजी अप्पांच्या स्मारकापाशी फोटो निघतात. तसे निघावेतच. शिक्षकांना माझी विनंती एवढीच आहे, की त्या दिवशी वेढ्याच्या वर्णनाबरोबर तहातली धर्माची मुभा आणि शुद्धीच्या कराची नोंद याही दोन गोष्टी मुलांपुढे ठेवाव्यात, आणि जिंकलेल्यांनी दिलेला शब्द पाळला का, यावर त्यांना पानभर लिहायला सांगावे.