चेहऱ्याची अमानत

असरची नमाज आटोपून नमाजी पांगले, तरी एक तरुण मशिदीच्या वजूखान्याजवळ रेंगाळत होता. त्याच्या खांद्याला कॅमेऱ्याची पिशवी होती. अकोल्यातच त्याने एक जुना कॅमेरा विकत घेतला होता आणि तो छायाचित्रण शिकत होता. मोहल्ल्यातील नववी-दहावीची पाच-सहा मुले घेऊन रविवारी नरनाळा किल्ल्यावर जायचे आणि मोकळ्या जागी, नैसर्गिक प्रकाशात त्यांचे फोटो काढायचे, असा त्याचा बेत होता. “मौलाना, हे जायज आहे का?” त्याने विचारले. त्याला एका शब्दात उत्तर हवे होते. मी मात्र त्याला मगरिबपर्यंत बसवून घेतले. कारण त्याच्या प्रश्नामागे दुसरा एक प्रश्न उभा होता आणि त्या दुसऱ्या प्रश्नाशी माझा स्वतःचा जुना हिशेब बाकी होता.

पहिला प्रश्न आपल्या परिचयाचा आहे. प्राणिमात्राची प्रतिमा घडवणाऱ्यांविषयी बुखारी व मुस्लिम या दोन्ही हदीससंग्रहांत कठोर इशारा आला आहे. १८३९ साली छायाचित्रणाची कला जगापुढे आली आणि हा इशारा तिलाही लागू होतो का, यावर पुढे विद्वानांत मतभेद झाला. इजिप्तचे मुफ्ती शेख मुहम्मद बखीत अल्-मुतीई यांनी असे प्रतिपादन केले, की छायाचित्र ही नवी निर्मिती नव्हे. आरशात पडावी तशी पडलेली छाया तेथे केवळ धरून ठेवलेली असते. आपल्या उपखंडातील मुफ्ती मुहम्मद शफी यांच्यासारख्या विद्वानांनी हे मान्य केले नाही. साधन बदलल्याने हुकूम बदलत नाही, अशी त्यांची भूमिका होती. ज्या मदरशात मी शिकलो तेथे हेच दुसरे मत शिकवले जाई आणि पासपोर्ट किंवा आधार कार्डापुरता फोटो गरज म्हणून स्वीकारला जाई. हा मतभेद मिटवण्याची माझी योग्यता नाही. ज्याने त्याने आपल्या विश्वासातील विद्वानाला विचारावे आणि त्याप्रमाणे वागावे.

परंतु ज्याने पहिले मत स्वीकारले त्याचीही सुटका तेथे होत नाही. कला वैध ठरली म्हणून दुसऱ्याचा चेहरा आपला होत नाही. मराठीत आपण फोटो ‘काढतो’ किंवा ‘घेतो’. जी वस्तू घेतली जाते ती कोणाकडून तरी घेतली जाते. मग ती कोणाची असते? घेणाऱ्याची, की ज्याच्याकडून घेतली त्याची? अल-मुसव्विर, म्हणजे आकार देणारा, हे अल्लाहचे नाव आहे आणि त्यानेच मानवाला सुंदर रूप दिले, असे पवित्र कुरआन सांगतो. चेहरा ही त्या निर्मात्याने त्या त्या माणसाकडे सोपवलेली अमानत आहे. छायाचित्रकाराच्या हाती पडते ती त्या अमानतीची अमानत.

आता माझा हिशेब सांगतो. काही वर्षांपूर्वी मी अमरावतीच्या एका मोहल्ल्यात इमामत करीत होतो. शाळा सुरू होण्याच्या दिवसांत गरजू मुलांना दप्तरे वाटण्याचा कार्यक्रम आम्ही ठेवला. चौदा वर्षांचा एक मुलगा दप्तर घेण्यासाठी पुढे आला, तेव्हा मी मोबाइलवर त्याचा फोटो काढला. त्याची मान खाली होती. फोटो सुरेख आला, या आनंदात मी तो देणगीदारांच्या गटावर पाठवला. तेथून तो आणखी चार गटांवर गेला. तिसऱ्या दिवसापासून तो मुलगा संध्याकाळच्या वर्गाला येईनासा झाला. वर्गातील मुले त्याला त्या दप्तरावरून चिडवत होती, हे मला फार उशिरा कळले. उपकार बोलून दाखवून आणि मन दुखावून आपला सदका वाया घालवू नका, ही सूरह बकराची ताकीद मी मिंबरवरून कितीदा सांगितली होती! येथे तोंडाने मी एक शब्दही बोललो नव्हतो. माझ्या वतीने तो फोटो बोलत होता.

माझ्याकडून नेमके काय चुकले? मी त्याच्या वडिलांना विचारले असते तर कदाचित त्यांनी होकार दिलाही असता. इमामाला नाही कोण म्हणणार? खरी चूक ही, की ज्याचा चेहरा होता त्याला विचारण्याची गरजच मला वाटली नाही. तो लहान होता, एवढे कारण मला पुरेसे वाटले.

या ठिकाणी ह. सहल बिन सअद (रजि.) यांनी सांगितलेली एक घटना आठवते. प्रेषित मुहम्मद (स.) यांच्यापुढे पेय आणले गेले. ते प्यायल्यावर त्यांनी पाहिले, तर उजव्या बाजूला एक अल्पवयीन मुलगा होता आणि डावीकडे वयोवृद्ध मंडळी. उजवीकडच्याचा हक्क पहिला. प्रेषितांनी (स.) त्या मुलाला विचारले, की या ज्येष्ठांना आधी देण्यास तुझी परवानगी आहे का? मुलाने नकार दिला; आपल्याकडून मिळणारा वाटा मी दुसऱ्या कोणाला देणार नाही, असे तो म्हणाला. प्रेषितांनी (स.) पेला त्याच्याच हातात दिला. अनेक भाष्यकारांच्या मते तो मुलगा म्हणजे ह. अब्दुल्लाह बिन अब्बास (रजि.) होय.

या हदीसमधून आपण सहसा उजव्या बाजूचा शिष्टाचार शिकतो. मला तिच्यात आणखी एक धडा दिसतो. विचारणारे अल्लाहचे प्रेषित होते, समोर ज्येष्ठ बसले होते आणि मूल एकटे होते. तरीही प्रश्न असा विचारला गेला, की मुलाला नाही म्हणता आले आणि त्याचे नाही पाळलेही गेले. ज्या प्रश्नाला नकार देता येत नाही तो प्रश्न परवानगी मागत नाही, केवळ कळवतो.

जगप्रसिद्ध छायाचित्रही या कसोटीवर तपासून पाहावे. १९८४ मध्ये पेशावरजवळच्या नासिर बाग निर्वासित छावणीतील शाळेच्या तंबूत स्टीव्ह मॅककरी या अमेरिकन छायाचित्रकाराने सुमारे बारा वर्षांच्या एका अफगाण मुलीचा फोटो घेतला. जून १९८५ मध्ये तो ‘नॅशनल जिओग्राफिक’च्या मुखपृष्ठावर छापला गेला आणि हिरव्या डोळ्यांची ती मुलगी जगभर पोहोचली. तिचे नाव शरबत गुल आहे हे जगाला २००२ मध्ये कळले. तोपर्यंत तिने स्वतः तो फोटो पाहिलाही नव्हता. परक्या माणसाने फोटो घेतला तेव्हाचा आपला राग मात्र तिला आठवत होता. त्या चित्राने निर्वासितांकडे जगाचे लक्ष वेधले, हे खरे आहे. तरीही त्या डोळ्यांतील ज्या भावाची जगाने वाखाणणी केली, त्यात त्या मुलीचा राग होता का, हे सतरा वर्षे कोणी तिला विचारले नाही.

किशोरवयात तर ही जबाबदारी अधिकच नाजूक होते. आवाज फुटतो, मिसरूड दिसू लागते, चेहऱ्यावर पुटकुळ्या येतात. मूल आरशाशी भांडत असते. सूरह नूरमध्ये घरातल्या घरातही परवानगीचे नियम आहेत आणि मुले वयात आली की ते बदलतात. म्हणजे या वयात माणसाभोवती एक नवा उंबरठा तयार होतो, याची दखल शरीअतने घेतली आहे. कॅमेरा हा उंबरठा क्षणात ओलांडू शकतो. आपल्या देशाच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानेही १८ वर्षांखालील व्यक्तीला बालक मानून तिच्या माहितीच्या वापरासाठी पालकांची संमती आवश्यक ठरवली आहे. कायदा पालकांपाशी थांबतो. ईशभय बाळगणाऱ्याने आणखी एक पाऊल पुढे जाऊन मुलालाही विचारावे.

हे सर्व त्या तरुणाला सांगितल्यावर तो म्हणाला, “मग मी शिकू कसा?” त्याचा प्रश्न रास्त होता. शिकाऊ माणसाला चेहरे हवे असतात. पण शिकणे त्याचे असते आणि चेहरा दुसऱ्याचा, एवढे त्याने विसरू नये. मग आम्ही दोघांनी मिळून काही गोष्टी ठरवल्या. पालकांना आधी भेटायचे. प्रत्येक मुलाला एकट्याने विचारायचे; मित्रांसमोर विचारले तर तो लाजेने हो म्हणतो. पण कोणत्याही मुलाला एकट्याने निर्जन जागी न्यायचे नाही. परक्या मुलींचे फोटो काढायचे नाहीत; नजर झुकवण्याचा आदेश सूरह नूरमध्ये आधी पुरुषांना आला आहे आणि कॅमेऱ्याची नजर ही आपलीच नजर असते. काढलेला फोटो तेथेच मुलाला दाखवायचा आणि त्याने पुसायला सांगितले तर पुसायचा. रंग उजळ करणारी, चेहरा गुळगुळीत करणारी युक्ती वापरायची नाही. तुझा सावळा रंग सुधारायला हवा होता, असेच आपण त्या मुलाला त्यातून सांगत असतो.

प्रकाशाचे त्यानेच मला समजावले. वऱ्हाडात दुपारचे ऊन डोक्यावरून पडते आणि डोळ्यांच्या खोबणीत काळ्या सावल्या साचतात. म्हणून झाडाची दाट सावली किंवा कलते ऊन बरे. मोबाइल चेहऱ्याच्या फार जवळ नेला तर नाक मोठे दिसते, म्हणून थोडे अंतर राखावे. उत्तम प्रकाश असर ते मगरिब या वेळात मिळतो, असे तो म्हणाला, तेव्हा मला हसू आले. “म्हणजे असर आधी पढायची आणि मगरिब चुकू द्यायची नाही,” मी म्हणालो.

रविवारी ते नरनाळ्याला जाऊन आले. पंधराव्या शतकातील महाकाली दरवाजावर कोरलेल्या अरबी अक्षरांखाली त्याने चार मुलांचे फोटो काढले होते. पाचव्याने नकार दिला. “मग मी कॅमेरा पिशवीत ठेवला आणि आम्ही सगळे जेवायला बसलो,” तो म्हणाला.

ते ऐकून मी त्याच आठवड्यात अमरावतीला गेलो. तो दप्तराचा मुलगा आता एका गॅरेजमध्ये काम करतो. मी त्याची माफी मागितली. त्याने हात पुसले, मला खुर्ची दिली आणि हळूच विचारले, “मौलाना, तो फोटो अजून आहे का?”

माझ्या मोबाइलमध्ये नाही, एवढेच मी सांगू शकलो. किती मोबाइलमध्ये असेल, हे अल्लाहलाच ठाऊक. आपल्या हातून घेतल्या गेलेल्या प्रत्येक चेहऱ्याचे उत्तर आपल्याला द्यायचे आहे. ते देता येईल असे वागण्याची बुद्धी अल्लाह आपणा सर्वांना देवो. आमीन.