प्रतिनिधीचा प्रश्न

संगणकावरील एखादी नेटकी आज्ञावली चालू करताच तिला लागणारे सारे घटक यंत्रात हजर आहेत की नाहीत याची तपासणी ती प्रथम करते, आणि एखादा गैरहजर आढळला तर त्याचे नाव सांगून जागीच थांबते. अर्धे काम उरकून मध्येच कोसळण्यापेक्षा हे बरे, असे त्या कसबातील पुष्कळ मंडळी मानतात. परंतु हीच शिस्त धर्मकृत्यालाही लावावी काय?

घोडेगाव, डिंभे मागे टाकून भीमाशंकराकडे चढत जाणाऱ्या वाटेवरील तळेघरासारख्या गावी, जेथे श्रावणात पाऊस आणि धुके दिवसेंदिवस मुक्काम ठोकतात, तेथे पूजेच्या यादीतील सारा जिन्नस ऐनवेळी रुजू व्हावा ही अपेक्षाच गैरवाजवी होय. आपल्या पूजाविधीने ही अडचण आधीच ओळखलेली आहे: मिळतील त्या उपचारांनी पूजा करतो, असे यजमान संकल्पातच सांगून मोकळा होतो, आणि वस्त्र वा अलंकार नसतील तेथे अक्षता वाहतो. ही देवाशी केलेली लबाडी आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी जैमिनीच्या मीमांसासूत्रांतील सहाव्या अध्यायाचा तिसरा पाद अवश्य पाहावा.

तेथील निर्णय असा, की अग्निहोत्रासारखे नित्यकर्म साधतील तेवढ्या अंगांनिशी करावे. काम्यकर्म मात्र, ते फलेच्छेने आरंभलेले असल्यामुळे, सर्व अंगे जुळवण्याचे सामर्थ्य असेल तरच हाती घ्यावे. सोमवल्लीच्या जागी पूतिका ही वनस्पती प्रतिनिधी, म्हणजे बदली द्रव्य, म्हणून चालते. पण यज्ञाला निषिद्ध ठरलेले द्रव्य, दिसायला कितीही सारखे असो, बदली म्हणून चालत नाही, आणि देवता, अग्नी, मंत्र व क्रिया यांना तर प्रतिनिधीच नाही. सुज्ञ आज्ञावलीकारही कोणत्या घटकावाचून पुढे जाण्याची मुभा आहे आणि कोणत्यावाचून नाही, हे अगोदर ठरवतो, हजेरी त्यानंतरची.

आमची गफलत होते ती येथेच. खटला जिंकावा म्हणून पूजा मांडणारा इसम नित्यकर्माची सवलत मागतो, आणि तोच इसम सांजेचा दिवा लावण्याची वेळ आली की तेल नाही, सवड नाही, चित्त स्थिर नाही, अशी काम्यकर्माची अट पुढे करून तो टाळतो.

हे काम दुसऱ्यावर सोपवण्याचीही सोय नाही, कारण देवतेप्रमाणे यजमानालाही प्रतिनिधी नाही. अपवाद सत्र नावाच्या यज्ञाचा: तेथे किमान 17 जण मिळून यजमान होतात, आणि त्यांतील एखादा मध्येच मरण पावला तर संख्येच्या पूर्ततेसाठी दुसरा घेता येतो, मात्र कर्मभर राबूनही फळावर त्याचा हक्क नाही, असा मीमांसकांचा रोकडा निवाडा आहे.