चष्म्यातलं दर्शन आणि देवघरातलं मन

॥ श्री गुरुदेव दत्त ॥


उज्जैनच्या महाकालाची भस्मआरती आता व्हीआर चष्मा लावूनही बघता येते. ते दर्शन खरं मानायचं का, असं बरेच जण विचारतात. पहाटे ४ च्या आरतीला बुऱ्हाणपूरहून जाणं ज्यांच्या गुडघ्यांना झेपत नाही, त्या आजी-आजोबांसाठी हा प्रश्न मोठा आहे.

आधी हे होतं कसं ते बघू. चष्म्यात दोन्ही डोळ्यांना जरा वेगवेगळं चित्र दिसतं, म्हणून गाभारा खोल वाटतो. मान वळवली की चित्रही त्याच क्षणी वळतं. डोळ्याची आणि मानेची साक्ष जुळली की मन म्हणतं, "मी इथेच आहे." चित्र मागे रेंगाळलं तर गरगरतं.

देहाचंही तसंच. १९९८ मध्ये बोटविनिक आणि कोहेन या अमेरिकन शास्त्रज्ञांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. माणसाचा खरा हात पडद्याआड, समोर रबराचा हात. दोन्हींवर एकाच वेळी ब्रश फिरवला. १० मिनिटांत लोकांना रबराचा हात आपलाच वाटू लागला! ब्रश मागेपुढे फिरला तर मात्र तसं फारसं वाटत नाही.

म्हणजे ज्या देहाला आपण जन्मभर "मी" म्हणतो, ती जाणीव एका ब्रशने सरकते. देहबुद्धी पक्की नाही, हे संत आपल्याला कधीपासून सांगत आले आहेत.

आता आपलं देवघर बघा. हात निरांजन ओवाळतो, तोंड आरती म्हणतं आणि मन कुकरच्या शिट्या मोजतं. सगळं मागेपुढे! देवासमोर उभं राहूनही आपण तिथे नसतो. उलट मानसपूजेत ना फूल ना चष्मा, तरी मन लागलं की डोळे भरून येतात.

म्हणून आजींना चष्मा जरूर लावून द्या. चष्मा डोळ्यांना आणि कानांना उज्जैनला नेईल, मनाला मात्र स्वतःच जावं लागतं. आणि त्यांना एकटं सोडू नका. शेजारी बसा, हात हातात घ्या. चष्मा काढल्यावर "काय दिसलं?" म्हणून विचारा. तेही दर्शनच आहे.

*या आठवड्याची सेवा:* रोज एकच माळ, पण जीभ नाम घेईल, कान तेच ऐकेल, बोट तेव्हाच मणी ओढेल. मोबाईल दुसऱ्या खोलीत.

॥ शुभं भवतु ॥
– एक सेवेकरी ताई, बुऱ्हाणपूर