सवयीचा सांधा

अमेरिकेत १९७६ ते १९८६ या काळात निघालेल्या सीजे-७ जीपगाडीत स्टिअरिंगचा दांडा रबर-कापडाच्या एका चकतीने खालच्या पेटीला जोडलेला असतो. चकती हळूहळू झिजते, स्टिअरिंग सैल होते. पण चालवणाऱ्याचा हात नकळत तेवढे अधिक वळवायला शिकतो. याला सहनशीलता म्हणावे काय? मला तसे वाटत नाही. आपले दुःख आपण सोसावे, हे खरे. परंतु मागे बसलेल्या मुलाबाळांना कोणी विचारले? चकती बदलण्यापूर्वी दांड्यावर खूण करतात, म्हणजे चाक पुन्हा सरळ बसते. हाताला अशी खूण नसते. नवा सांधा बसल्यावरही तो काही दिवस जास्तच वळवतो. घरातल्या कर्त्या माणसांचेही असेच. दोष काढणे सोपे; दोषाला सरावलेला हात सुधारल्यावाचून दुरुस्ती पुरी झाली, असे मी म्हणणार नाही.